लोकनृत्याच्या रांगेत लेझीम

सरकारी क्वार्टर सोडून आम्ही दिल्लीच्या टोकाला द्वारकेत राहायला गेलो त्याच उन्हाळ्यात मी बारावी झाले. आमच्या सोसायटीत लिफ्टसाठी जागा होती, लिफ्ट नव्हती. बागेसाठी जागा होती, तिथे वाळूचा ढीग होता. पाणी टँकरनं यायचं. विमानं मात्र भरपूर, आणि इतकी खालून जायची की गच्चीवर कपडे वाळत घालताना आई आपोआप मान खाली घ्यायची. मेट्रोचं नावही कुणी काढत नव्हतं. पण टीव्हीवर एकदम कितीतरी चॅनेल आले होते, कोपऱ्यावरच्या टपरीत परदेशी कोला मिळायला लागला होता, आणि त्या धुळीच्या सेक्टरमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की आता काहीतरी मोठं होणार आहे. मला तर ते माझंच होणार आहे असं वाटत होतं.

मला इतिहास घेऊन बी.ए. ऑनर्स करायचं होतं, आणि तेही विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसमधल्या एका ठरावीक सरकारी कॉलेजात. का, तर अकरावीत असताना शाळेच्या एका स्पर्धेसाठी मी तिथे गेले होते. तेव्हा पायऱ्यांवर चार मुली समोसे खात बसल्या होत्या. त्यातली एक कशाला तरी इतकी हसली की मागच्या पायरीवर आडवी झाली. कुणी तिला गप्प बस म्हणालं नाही. मी ठरवून टाकलं, शिकेन तर इथेच.

त्या वेळी प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा असायचा आणि कट-ऑफ लिस्ट गेटजवळच्या बोर्डावर चिकटवायचे. पहिली लिस्ट लागली त्या दिवशी बाबा हाफ डे टाकून माझ्याबरोबर आले. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात सफारी सूट आणि हातात कडक कवचाची काळी ब्रीफकेस. आवाज कधी चढवायचे नाहीत. हसलेच तर नाकातून थोडी हवा सोडायचे, तेवढंच. बोर्डासमोर ही गर्दी. बाबांनी चष्मा पुसला, इतिहासाची ओळ वाचली, परत चष्मा पुसला, परत वाचली.

"दोन टक्के कमी पडतात गं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "टायपिंगची चूक असेल का?"

चूक नव्हती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक पंजाबी आंटी राहायच्या. त्यांचे दोन्ही मुलगे कॉलेज करून मोकळे झाले होते, त्यामुळे दिल्लीतल्या ॲडमिशनची त्यांना खडा न् खडा माहिती. शिवाय पूर्ण जिन्यात फोन एकट्या त्यांच्याकडे. त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या, माझं तोंड पाहिलं आणि खुर्चीत बसायच्या आतच म्हणाल्या, "भाई साहब, रोने की क्या बात है? ईसीए में डालो!"

ईसीए म्हणजे एक्स्ट्रा करिक्युलर. गाणं, नाच, नाटक, वादविवाद, असलं काही येत असेल तर ट्रायल द्यायची. पसंत पडलं तर मार्कांत सूट मिळते आणि सीट मिळते. आंटींनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि चहाचा कप उचलला. मग आम्ही चौघंही विचारात पडलो.

"पण हिला येतं काय?" आई म्हणाली.

प्रश्न रास्त होता. पेटी शिकवायला एक सर ठेवले होते, ते महिन्याभरात स्वतःच यायचे बंद झाले. कथ्थकच्या क्लासमध्ये मला मागच्या रांगेत उभं करायचे, आणि रांग भरली की त्याच्याही मागे. चित्रकलेचा तर विषयच नको.

"लेझीम येते," बाबा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू ते म्हणाले होते, हिला पोळ्या येतात. पण खरंच मला लेझीम येत होती. पहाडगंजच्या मराठी शाळेत मी पहिलीपासून होते. तिथे शिवजयंतीला, सव्वीस जानेवारीला, गणपतीच्या मिरवणुकीला लेझीम ठरलेली. पाचवीपासून पुढच्या रांगेत मीच असायचे. ती एक गोष्ट मला कुणी न ओरडता आली होती.

"ये लेज़ीम क्या है जी?" आंटींनी विचारलं.

बाबांनी विचार केला. "फोक है," ते म्हणाले. "बिल्कुल फोक है." आणि त्यांनी आपल्या टपोऱ्या, फायलीत शोभणाऱ्या अक्षरांत फॉर्मवर लिहिलं: फोक डान्स, महाराष्ट्र.

शाळेच्या पीटीच्या बाईंकडून मी दोन लेझिमी मागून आणल्या, एक खेळायला, एक जादा म्हणून. बाईंनी गणपतीच्या मिरवणुकीतल्या ढोल-ताशाची कॅसेटही दिली. रोज संध्याकाळी मी गच्चीवर सराव करायला लागले. पहिल्याच दिवशी चौकीदार काठी घेऊन धावत वर आला. त्याला वाटलं कुणीतरी ग्रिल तोडतंय. दुसऱ्या दिवशी सोसायटीची लहान मुलं जमली. तिसऱ्या दिवशी आंटी खुर्ची घेऊन आल्या आणि मध्येच "शाबाश! और ज़ोर से!" असं ओरडायला लागल्या. आई खालून टँकरच्या रांगेतून वर बघायची आणि लोकांना सांगायची, "मेरी लड़की का एडमिशन चल रहा है." जसं काही ॲडमिशन गच्चीवरच होणार होती.

ट्रायलच्या दिवशी आई टँकरमुळे थांबली. मी, बाबा, ब्रीफकेस, टेपरेकॉर्डर आणि दोन लेझिमी असे आम्ही निघालो. मी नऊवारी नेसले नव्हते, कारण बसमध्ये चढायचं होतं. आईच्या जुन्या साडीचा जांभळा परकर-पोलका घातला होता आणि पायांत पीटीचे बूट. बस खड्ड्यात गेली की लेझिमींचा झण्ण आवाज व्हायचा आणि सगळी बस माझ्याकडे वळून बघायची.

"मैडम, ये कौन सा हथियार है?" कंडक्टरनं विचारलं.

"एडमिशन का है," बाबा गंभीरपणे म्हणाले. त्यावर कंडक्टरनं मला बसायला जागा करून दिली.

लोकनृत्याची रांग कॉलेजच्या एका लांब व्हरांड्यात होती. घागरे, ओढण्या, बांगड्या, पैंजण, सगळीकडे नुसती झगमग. माझ्या पुढे एक उंच मुलगी उभी होती, पिवळी ओढणी, जड घागरा आणि चेहरा पांढराफटक. बरोबर तिचे काका. ते मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनवायच्या कामावर होते आणि त्यांचं गाव तिथून पुढे आत होतं. हरियाणवी नाचासाठी ती आली होती, पण ढोलक वाजवणाऱ्या त्यांच्या गावच्या माणसाची बसच चुकली होती. काका दर दोन मिनिटांनी गेटपर्यंत जाऊन येत होते.

तिनं माझ्या हातातल्या लेझिमीकडे पाहिलं. "यो के सै?"

"लेज़ीम."

"बाजै सै के?"

मी हलकेच एकदा वाजवून दाखवली. सगळा व्हरांडा वळला. ती हसली आणि तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग आमची मैत्रीच झाली. तिनं सांगितलं की तिच्या गावातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच मुलगी आहे, आणि आत्ता तिला उलटी होईलसं वाटतंय. मी म्हटलं मलाही. आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरून ठेवले.

काही वेळानं क्लार्कनं पुकारलं, पण नावांचा क्रम गडबडला आणि तिच्या आधी मलाच आत बोलावलं. आत हॉल, टेबल, टेबलामागे तिघंजण. मध्ये बसलेल्या मॅडमचं कुंकू रुपयाएवढं आणि नजर अशी की समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राहील. दोन्ही बाजूचे सर त्यांच्याकडे बघूनच मान हलवायचे.

"ये क्या है?" मॅडमनी विचारलं.

"लेज़ीम, मैडम. महाराष्ट्र का फोक."

"किससे सीखा?"

आणि मी पटकन खरं बोलून गेले. "पीटी में, मैडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पीटी में सीखा है तो ये डांस नहीं है, ड्रिल है. स्पोर्ट्सवालों के पास जाओ."

मागे उभ्या असलेल्या बाबांनी काहीतरी समजवायचा प्रयत्न केला, पण मॅडमनी पुढचा फॉर्म उचलला होता. आम्ही बाहेर आलो. मैदान कॉलेजच्या मागे. उन्हात तापलेलं, आणि मधोमध टोपी घातलेले एक सर शिट्टी घेऊन उभे. आजूबाजूला बास्केटबॉलच्या आणि खो-खोच्या मुली पळत होत्या. माझा परकर-पोलका बघून सरांची शिट्टी तोंडातून निसटली.

बाबांनी त्यांना सगळं नीट सांगितलं, एखादी फाइल वरिष्ठांपुढे मांडावी तसं. हा पारंपरिक व्यायामप्रकार आहे, हात, पाय, कंबर, दम, सगळ्याची कसोटी लागते.

सरांनी शांतपणे ऐकलं. "दो टीमें होती हैं?"

"जी नहीं."

"नंबर कैसे मिलते हैं?"

"नंबर नहीं होते, सर."

"तो इसमें हारता कौन है?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. "कोई नहीं हारता, सर," बाबा म्हणाले.

"फिर ये खेल कैसे हुआ?" सरांनी शिट्टी परत तोंडात घातली. बोलणं संपलं होतं.

आता खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण परत व्हरांड्याकडे येताना बाबांच्या नाकातून ती थोडी हवा सुटली. मी वर पाहिलं तर ते ओठ दाबून चालत होते. "कोई नहीं हारता," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि मला हसू फुटलं ते थांबेचना. भर उन्हात, एका हातात लेझीम, दुसऱ्या हातानं पोट धरून मी हसत होते. बाबा टेपरेकॉर्डर सांभाळत म्हणत होते, "अगं हळू, हळू, लोक बघतायत," आणि त्यांचेच खांदे हलत होते.

हॉलच्या दाराशी ती मानेसरकडची मुलगी अजून उभीच होती. ढोलकवाला आला नव्हता, म्हणून ती आपला नंबर मागे मागे ढकलत राहिली होती. आम्हाला बघून क्लार्क म्हणाला, "फिर आ गए?" बाबा सरळ आत गेले आणि मॅडमसमोर उभे राहून म्हणाले, "मैडम, स्पोर्ट्सवाले कहते हैं कि जिसमें कोई हारे नहीं वो खेल नहीं. अब आप ही बताइए, ये बच्ची कहाँ जाए?"

मग मॅडमच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. "ठीक है. दिखाओ."

बाबांनी घाईघाईनं टेपरेकॉर्डरचा प्लग लावला. कॅसेट घातली. बटण दाबलं. आणि लाइट गेली.

डोक्यावरचे पंखे हळूहळू थांबले. दिल्लीचा जून महिना, लाइट जाणं काही नवलाचं नव्हतं. पण टेपरेकॉर्डरमधले सेल बाबांनी सकाळीच काढून घरी ठेवले होते, ओझं कमी व्हावं म्हणून. "तिथे प्लग असणारच की," असं म्हणाले होते. सगळे थांबले. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

मग बाबांनी जे केलं ते मी आजही कुणाला सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी रंगवून सांगतेय. त्यांनी ब्रीफकेस उघडली, माझी सगळी सर्टिफिकेटं काढून दारातल्या मानेसरच्या काकांच्या हातात दिली, आणि आतल्या दोन लाकडी फूटपट्ट्या घेऊन ब्रीफकेस परत खटकन बंद केली. मग सफारी सूटसकट फरशीवर मांडी घातली, ब्रीफकेस पुढ्यात आडवी ठेवली आणि एक पट्टी तिच्यावर हळूच आपटून कान देऊन ऐकलं. थोडं कडेला आपटून ऐकलं. तिथे आवाज खणखणीत होता.

"चार आवाज," मला म्हणाले. "सावकाश सुरू कर."

आणि ताशा सुरू झाला. ताशाच, दुसरा शब्द नाही. त्या काळ्या ब्रीफकेसमधून तडतड तडतड असा आवाज निघायला लागला की माझ्या अंगावर काटा आला. आमचं गाव सांगलीकडचं. तिथल्या तालमीच्या मिरवणुकीत बाबा कॉलेजात जाईपर्यंत ताशा वाजवायचे, हे मला त्या दिवशी कळलं. सतरा वर्षं मी या माणसाला फक्त पेपर वाचताना आणि इस्त्रीचे कपडे मोजून घेताना पाहिलं होतं.

मी चार आवाज घेतले, शाळेत शिकवतात तो लेझिमीचा पहिला प्रकार. मग पवित्रा. मग बैठक मारून उठले, वळले, परत वळले. हॉल रिकामा आणि उंच, त्यामुळे एक लेझीम दहा लेझिमींसारखी घुमत होती. बाबांनी लय वाढवली. मी वाढवली. त्यांनी आणखी वाढवली, आणि मला दिसलं की ते मला बघतच नव्हते, डोळे मिटून घेतले होते. घामानं माझी वेणी पाठीला चिकटली होती. मध्येच लेझिमीची एक चकती निसटली, फरशीवर उभी राहून घरंगळत घरंगळत थेट टेबलाखाली गेली. मॅडमनी माझ्यावरची नजर न काढता तिच्यावर पाय ठेवला.

थांबले तेव्हा दारात सगळी रांग गोळा झाली होती.

"ये अकेले का नाच है?" मॅडमनी विचारलं.

"नहीं मैडम, बीस-पच्चीस लोग होते हैं. पूरी सड़क भर जाती है."

"दूसरी लेज़ीम है ना? किसी को सिखाओ. अभी."

मी दाराकडे वळले आणि त्या उंच मुलीला हात केला. ती "ना ना" म्हणत असतानाच काकांनी तिला आत ढकललं. पण काय मुलगी होती! चार आवाज तिनं एकदा बघितले आणि उचलले. जड घागरा, मोठी मोठी पावलं, आणि वर प्रत्येक फेरीला तिच्या गावची एक किंकाळी. आमच्या शाळेच्या बाईंना फेफरंच आलं असतं. मला मात्र वाटलं, लेझीम अशीच खेळायला हवी.

"तुम्हारा क्या है?" मॅडमनी तिला विचारलं.

"जी, हरियाणवी. पर ढोलक आळा कोनी आया."

मॅडमनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी सफारीची कॉलर सैल केली. "गा के दिखाओ बेटा, ठेका क्या है," ते म्हणाले. तिनं दोन ओळी गुणगुणल्या, बाबांनी पट्टीनं ठेका पकडला, आणि ती नाचायला लागली. सकाळी जिला उलटी होणार होती तीच ही मुलगी, हे खरं वाटेना. तिचे काका माझी सर्टिफिकेटं छातीशी धरून डोळे पुसत होते.

त्यानंतर बाबांना कुणी उठूच दिलं नाही. लाइट नाही, कुणाचीही कॅसेट चालेना, आणि रांगेत अजून बऱ्याच मुली. "अंकल जी, मेरा भी," "अंकल जी, राजस्थानी आता है?" अशी गर्दी झाली. बाबांनी गढवाली वाजवलं, राजस्थानी वाजवलं. भांगडा जमेना, तर भांगड्यासाठी आलेल्या मुलीच्या भावानं शेजारी बसून त्यांच्या गुडघ्यावर थापा मारून शिकवला. मध्ये कुणीतरी त्यांना सरबत आणून दिलं. क्लार्क दारात उभा राहून फर्माईश सांगावी तशी नावं पुकारत होता. बऱ्याच वेळानं लाइट आली, पंखे फिरायला लागले, आणि एका मुलीनं आपला टेप पुढे केला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पंखा चलने दो. टेप रहने दो."

निकाल आणि दुसरी कट-ऑफ लिस्ट एकाच दिवशी लागायची होती. आम्ही परत गेलो. आधी ईसीएच्या लिस्टपाशी गेलो, ती ऑफिसबाहेर होती. मानेसरवाली मुलगी काकांबरोबर तिथे आधीच उभी होती आणि नुसती उड्या मारत होती. तिचं झालं होतं. माझं नाव त्या लिस्टमध्ये नव्हतं. बाबांनी चष्मा पुसला, खालून वर परत एकदा वाचलं.

तेवढ्यात त्याच मॅडम ऑफिसमधून बाहेर आल्या. बाबांना बघून थांबल्या. "बेटी अच्छी है," त्या म्हणाल्या, "मगर सच कहूँ, हमारी पूरी कमेटी आप ही को देखती रह गई. और आपको तो हम एडमिशन दे नहीं सकते."

बाबा "थैंक्यू मैडम" म्हणाले, आणि त्या गेल्यावर इतके ओशाळले की मलाच त्यांची कीव आली. "माझ्यामुळे गेली गं तुझी सीट," ते म्हणाले.

"काहीतरीच काय बाबा! चला, दुसरी लिस्ट तर बघू."

"तू बघ. मी नाही येत."

मी आणि ती मुलगी गेटकडे पळालो. बोर्डासमोर पुन्हा तीच गर्दी. ती उंच असल्यामुळे तिनं लोकांच्या डोक्यावरून वाचायला सुरुवात केली. "इकोनॉमिक्स... अंग्रेजी... हिस्ट्री..." आणि तिनं आकडा सांगितला.

"परत सांग." मी मराठीत बोलतेय याचंही मला भान नव्हतं.

तिला मराठी येत नव्हतं, पण तिनं परत सांगितलं. इतिहासाची लिस्ट दोन टक्क्यांनी खाली आली होती. बरोबर माझ्यावर येऊन थांबली होती, एक दशांशही इकडेतिकडे नाही. मी ओरडले. तिनं मला कमरेला धरून अलगद उचललं आणि गोल फिरवलं, आणि कुणीतरी म्हणालं, "अरे बहनजी, लिस्ट तो देखने दो!" पण आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

बाबा झाडाखाली बसले होते. मी धावत जाऊन सांगितलं. त्यांनी आधी नीट ऐकून घेतलं, आकडा दोनदा विचारला, मनातल्या मनात वजाबाकी केली. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच किंचित पडलाही.

"म्हणजे मार्कांवर झाली?"

"हो!"

"मग मी एवढं वाजवलं ते?"

"बाबा!"

"नाही नाही, चांगलंच झालं. बिल्कुल चांगलं झालं," ते घाईनं म्हणाले, आणि मग मात्र ते हसले, नाकातून नाही, तोंड उघडून, मोठ्यानं. त्यांचे मागचे दात मी पहिल्यांदाच पाहिले.

गेटसमोरच्या पीसीओवरून आम्ही आंटींना फोन लावला. "हो गया!" मी म्हणायचा अवकाश, तिकडे आंटींनी रिसीव्हर खाली टाकला आणि जिन्यात जाऊन जी हाक मारली ती मला फोनवर स्पष्ट ऐकू आली. बऱ्याच वेळानं आईचा धापा टाकणारा आवाज आला. ती टँकरची रांग सोडून आली होती.

"झाली? नाचात झाली?"

"नाही आई, मार्कांत."

"मार्कांत?" आई गोंधळली. "असं कसं? तुला तर मार्क कमी होते ना?"

तिला कट-ऑफ खाली येणं म्हणजे काय हे समजवेपर्यंत मागे उभा असलेला माणूस काचेवर टकटक करायला लागला. शेवटी ती म्हणाली, "बरं बरं, घरी येऊन सांग. आणि हो, येताना काहीतरी गोड आणा, मी आंटींना कबूल करून बसलेय." त्या दिवशी आम्ही दोघं, ती मुलगी आणि तिचे काका कमलानगरच्या बाजारात गेलो. छोले-भटुरे खाल्ले, मग कोनातलं आइस्क्रीम खाल्लं. काकांनी बाबांना सांगितलं की आमच्या गावात होळीला या, ढोल आम्ही देऊ. बाबा म्हणाले, "बिल्कुल." दोघांच्या मिशांना आइस्क्रीम लागलं होतं आणि दोघंही एकमेकांना ते सांगायला संकोचत होते.

जुलैत कॉलेज सुरू झालं. द्वारकेहून पोचायचं म्हणजे सकाळी अंधुक उजेडात निघून दोन बस. पहिल्या दिवशी मी धावतपळत पोचले तर गेटवर ती माझी वाट बघत उभी. तिला हॉस्टेल मिळालं होतं आणि तिनंही इतिहासच घेतला होता. आम्ही दोघी नोटीस बोर्डावर खोलीचा नंबर बघून धावत वर गेलो. वर्ग सुरू झाला होता. आम्ही वाकून मागच्या बाकावर जाऊन बसलो, वह्या काढल्या आणि लिहायला लागलो. पांढऱ्या केसांच्या एक बाई अतिशय तन्मय होऊन शिकवत होत्या. मला एक शब्द कळेना, पण मला वाटलं ऑनर्स म्हणजे असंच असणार. मी जमेल तेवढं उतरवत राहिले. शेजारी तीही उतरवत होती, भुवया आखडून, जीभ दातांत धरून. पूर्ण तास आम्ही मान वर केली नाही.

तास संपल्यावर बाई आमच्या बाकापाशी आल्या. "आप दोनों नई हैं? रोल नंबर?"

आम्ही सांगितले. त्यांनी हजेरी पाहिली, परत पाहिली, आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाल्या, "बेटा, ये संस्कृत है. थर्ड ईयर."

आम्ही गुपचूप वह्या उचलल्या, वर्गाबाहेर आलो, दार ओढून घेतलं. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत दोघींनी कसंबसं धरून ठेवलं. मग तिनं आपल्या वहीतली पहिली ओळ मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी पायरीवर बसले ती हसत हसत तशीच मागे आडवी झाले. वरून उतरणाऱ्या मुली आम्हाला ओलांडून गेल्या.